निखिलची कुंदामावशी

कुंदा गेल्याचा फोन माझ्या मुलाला आला, मला नाही. मी तिची सख्खी थोरली बहीण. जबलपुरातल्या खमरिया फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये चहा गाळत होते आणि निखिल बूट न काढताच आत आला. "आई, मावशी गेली…" म्हणाला आणि माझ्या आधी तोच मटकन खाली बसला. सकाळी लॅबमध्ये काम करता करताच तिचं हृदय बंद पडलं होतं. रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं, की फोन करणाऱ्यांनाही तिचं जवळचं माणूस हाच वाटला! महिना उलटला, तरी ते मनातून जात नाही.

आम्ही वर्ध्याकडचे, पण वडील रेल्वेत, म्हणून दोघी जबलपुरातच वाढलो. कुंदा डॉक्टर झाली, रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करू लागली, तेव्हा शेजारपाजारी मीच तोऱ्यात सांगत फिरायचे. मग निखिल लहान असतानाच त्याला ताप येऊ लागला, अंगावर निळे डाग उठू लागले. कुंदानं त्याचं रक्त काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि बराच वेळ मान वर केली नाही. तिथेच मला कळलं…

ल्युकेमियाची औषधं जगभर तीच होती, पण त्यांचं प्रमाण भरल्या अंगाच्या मुलांवर ठरलेलं. बरगी धरणाकडच्या गावांतून येणारी हाडकुळी पोरं आजारापेक्षा औषधानंच खचायची. आधी त्यांच्या अंगात ताकद आणायची, मग औषध हळूहळू वाढवायचं. ते कसं आणि किती, हेच कुंदा आयुष्यभर शोधत राहिली. निखिलही तसाच काडीसारखा होता. पाठीच्या कण्यात सुई द्यायची तेव्हा मी त्याचा हात धरून उभी होते.

"ताई, तू बाहेर बस."

"काहून?"

"तू रडून राहिली, अन् तुला पाहून तो घाबरून राहिला. चलो, बाहेर."

मी बाहेर बाकावर बसले. आत माझ्या मुलाचा हात तिच्या हातात होता. तो त्या दिवशी जो तिच्याकडे गेला, तो गेलाच. केस गळून गेलेलं डोकं तिच्या मांडीवर, वरणभात तिच्या हातचा. बरा झाला, केस आले, फॅक्टरीत नोकरीला लागला, तरी रविवार मावशीचा. उपचार अर्धवट सोडून गेलेल्या मुलांना शोधायला ती गावोगाव हिंडायची आणि गाडी हा चालवायचा. मी पुरणपोळ्या करून वाट पाहायचे आणि हे दोघं धरणाजवळ भुट्टे खाऊन, पोट भरून यायचे. "डॉक्टर दीदी, तुमचा मुलगा का?" असं कुणी विचारलं की ती नुसती हसायची, म्हणे. नाही म्हणायला काय जात होतं?

गेल्या उन्हाळ्यात ती आमच्या व्हरांड्यात बसली होती. निखिल आत झोपलेला. एकदम म्हणाली, "ताई, तुझा मला फार राग यायचा."

"माझा?"

"हात मी धरून बसायची. अन् तापात तो आई, आई करायचा. तुलाच बोलवायचा."

"मग तेव्हा काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू आत आली असती ना…" आणि हसली. मी नाही हसले. माझ्या लेकराच्या त्या हाका माझ्या होत्या. इतकी वर्षं तिनं एकटीनं ठेवून घेतल्या.

तिला निरोप द्यायला नर्मदेच्या ग्वारीघाटावर कितीतरी बरी झालेली मुलं आली होती, काही तर बाप्ये झालेले. अग्नी निखिलनं दिला. मी मागे उभी राहिले.

परवा जेवताना मी ताटातलं निम्मं तसंच ठेवलं. निखिल उठून आला, "इकडे पाहा" म्हणाला, आणि अंगठ्यानं माझी खालची पापणी हलकेच ओढून आतली लाली पाहू लागला. कुंदा असंच करायची. दारात आलेल्या दूधवाल्यालाही सोडायची नाही. मी मात्र तिला माझ्या डोळ्याला कधी हात लावू दिला नव्हता.

"फिकी आहे," तो म्हणाला. "जेवून घे."

अगदी तिचाच स्वर. मी डोळा मिटला नाही. त्याला पाहू दिलं.