अक्काची विहीर आणि कॅनमधला प्रोब

मीटर खोटं बोलतं का, असं लोक मला विचारतात. मीटर कशाला खोटं बोलंल! बिचाऱ्याला ज्या पाण्यात बुडवाल, त्या पाण्याचं ते सांगतं.

मी किल्लारीकडचा. नोकरी लागली नांदेडकडं एका कारखान्यात, म्हणून अर्धापूरजवळ अक्काच्या, माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी राहायला आलो. कारखान्याचं सांडपाणी साफ करून पाइपानं नाल्यात सोडायचे, आणि तो नाला नेमका अक्काच्या विहिरीला लागून जायचा. पाइपावर दोन यंत्रं. एक पाणी किती वाहतंय ते दाखवणारं, दुसरं कंडक्टिव्हिटीचं. पाण्यात क्षार वाढले की त्यातून वीज जास्त वाहते आणि आकडा चढतो, एवढं साधं. आत बसून आकडे बघायचो मी. बाहेर पाइप आणि त्यातला प्रोब, म्हणजे मीटरचं पाण्यात बुडालेलं टोक, सांभाळायचा माझा दोस्त. लई जीव होता माझा त्याच्यावर. अक्का रोज दोन डबे द्यायची, एक माझा, एक त्याचा. भाकरी केळीच्या पानात गुंडाळलेली, वरून सोपटाची, म्हणजे केळीच्या वाळक्या सालीच्या दोरीची गाठ.

यंदा अक्काच्या केळीची पानं कडंनं करपायला लागली. "पाण्यात काही हाय का रे?" तिनं विचारलं.

"न्हाई गं! मी रोज आकडा बघून राहिलो ना," मी छातीठोकपणे सांगितलं. तिनं केळीच्या बागेला विहिरीचं तेच पाणी चालू ठेवलं. शेजारचे तक्रार करायला निघाले, तर त्यांनाही तिनंच थांबवलं. म्हणाली, माझा भाऊ हाय तिथं.

मग एका दुपारी कारखान्यात कॉस्टिक सोड्यानं टाक्या धुतल्या. असलं पाणी आलं की आकडा चढायलाच हवा. पाइपातलं पाणी एकदम वाढलेलं दिसलं, पण कंडक्टिव्हिटीचा आकडा ढिम्म. असं कसं होईल? उठलो आणि प्रोबची वायर धरून पाइपापर्यंत चालत गेलो. प्रोबच्या जागी बूच मारलेलं. प्रोब पाइपामागं, पिण्याच्या पाण्याच्या कॅनमध्ये आरामात बुडालेला. हलू नये म्हणून बांधलेला, केळीच्या सोपटानं.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. त्याला गाठलं, तर म्हणतो कसा, "साहेबानं सांगितलं, मी केलं. तुला सांगितलं न्हाई, कारण तू म्हणलास की गावाला पटतं."

अरे नालायका! केसानं गळा कापला यानं माझा. अक्काच्या हातची भाकरी खात खात, माझ्याच तोंडून तिला फसवलं.

संध्याकाळी अक्काला सगळं सांगितलं. ती बागेकडं बघत ऐकत होती. "त्यानं दगा दिला गं मला," मी म्हणालो. रडूच आलं.

"हाव," ती म्हणाली. "पण त्याला कुठं विचारलं होतं मी?"

सकाळी कामाला निघालो, तेव्हा ओट्यावर दोन्ही डबे पालथे घातलेले होते.