धुळ्याच्या पाटीवरचा 'ळ'

आधीच सांगतो, मी सर्किटं जुळवणारा माणूस. दिवा लागला तर करंट आहे, नाही लागला तर नाही — एवढीच माझी श्रद्धा. घरात कोणी भुताखेतांचा विषय काढला की मी उठून जायचो. इथे लोक लिहितात ते भुतांचे अनुभवही गंमत म्हणूनच वाचत आलो. तरी हे लिहितोय, कारण हे भर दुपारी, माझ्या डोळ्यांसमोर घडलंय.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. जळगावात नवी पेठेत, जिन्यावरच्या एका खोलीत मी आणि युनूस दुकानांसाठी सरकत्या अक्षरांच्या लाइटच्या पाट्या बनवायचो. इंग्रजी अक्षरांची चिप तयार मिळायची. मराठी अक्षरांची आम्ही शोधली, सापडली नाही. मग म्हटलं, आपणच करू. युनूस म्हणजे पेंटर रहीमचाचांचा मुलगा, अक्षर रक्तातच. तो ग्राफ पेपरच्या चौकटी भरून अक्षर काढायचा — एक चौकट म्हणजे पाटीवरचा एक लाल ठिपका. मी ते आकड्यांत उतरवून चिपमध्ये भरायचो. तिरकी रेघ नाही, गोलाई नाही, सगळ्या नुसत्या पायऱ्या… पण त्याच्या हातचा 'क्ष'सुद्धा लांबून 'क्ष'च दिसायचा.

अडला तो 'ळ'वर. एवढ्याशा जागेत त्याची दोन्ही वाटोळी भरून जायची, नुसता डाग उरायचा.

"'ळ'च्या जागी 'ल' टाकू या का?" मी वैतागून म्हणालो.

"दिलीपभाऊ, जळगाव, भुसावळ, धुळे… सगळ्यांत 'ळ'. आपण 'धुले' लिहायचं? लोक पाटीखाली उभं राहून हसतील."

धुळ्याच्या एका कापड दुकानाचे मालक, आबा, आमची पहिली मराठी पाटी बसवणार होते. मोजमाप घ्यायला युनूस मोटारसायकलवर गेला. निघताना जिन्यावरून ओरडला, "'ळ' सुचलाय! आल्यावर दाखवतो."

येताना पारोळ्याजवळ ट्रकने… तो आलाच नाही.

पुढे कित्येक दिवस मी खोली उघडली नाही. उघडली तेव्हा त्याचे सगळे कागद चाळले. 'ळ' कुठेच नव्हता. मी स्वतः काढून बघितला — डाग. शेवटी 'ळ'च्या जागी 'ल'चे ठिपके भरले आणि आबांना सांगून टाकलं. ते म्हणाले, "चालीन रे. पोऱ्या गया, आते अक्षरनं काय लई बसलास." म्हणजे, पोरगाच गेला, आता अक्षराचं काय घेऊन बसलास.

पाटी बसवायला निघालो तर स्टँडवर रहीमचाचा उभे. "त्याची अक्षरं पेटलेली बघायचीत मला," म्हणाले.

उद्घाटन संध्याकाळी होतं. दुपारी दुकानाच्या छपराखाली पाटी चढवली आणि चालू केली. अक्षरं सरकू लागली — 'धुलेकरांचे स्वागत असो'. चाचा फुटपाथवर उभं राहून वर बघत होते. फेरी संपली, पुन्हा सुरू झाली. 'धुले…' मी खाली मान घालून वायर गुंडाळत होतो.

"दिलीप. वर बघ."

'धुळे'.

स्वच्छ 'ळ'. डाग नाही. उजवं वाटोळं एका ठिपक्याने उघडं सोडलेलं, त्यामुळे दोन्ही पोटं मोकळी. माझ्या हातातली वायर गळून पडली.

"ये उसी का है," चाचा पुटपुटले. "शटरवर रंगवतानाही असंच उघडं सोडायचा. मी ओरडायचो त्याला."

पेंटरचा खिसा, त्यात खडू असायचाच. चाचा फुटपाथवर बसले आणि ठिपके मांडू लागले. अक्षर यायचं, सरकून जायचं, पुन्हा यायचं… दर फेरीला दोनचार ठिपके. शेवटचा ठिपका मांडून त्यांनी मान वर केली, तेवढ्यात पुढची फेरी आली.

'धुले'.

त्यानंतर कधीच बदललं नाही.

सगळं ठीक आहे ना बघायला आबा बाहेर आले, "बठ्ठं बरोबर शे ना?" मी नुसती मान हलवली. मग फुटपाथवरचा 'ळ' ग्राफ पेपरवर उतरवून घेतला.

जळगावला येऊन नवी चिप भरली, धुळ्याला जाऊन बदलली. जुनी काढून तपासली. 'ळ'च्या जागी 'ल'च, मी भरलेला, ठिपका न् ठिपका तसाच. जुन्या चिपमधला एखादा ठिपका उडू शकतो, हे मला माहीत आहे. पण ठिपके मांडणीने येतात, अक्षर होतात आणि परत जातात…? पुण्याच्या एका जाणकार मित्राला विचारलं, तो हसला. मीही हसलो.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी उद्घाटनाआधी दुकानातला माणूस फुटपाथवर पाणी मारायला बादली घेऊन आला. चाचांनी त्याला हात जोडले. मग पाहुणे आले, बँड आला, गर्दी झाली, तरी चाचा खडूच्या त्या अक्षराजवळ पाय रोवून उभे होते. कोणी जवळ आलं की हात आडवा करायचे आणि हळूच म्हणायचे,

"गीला है, बेटा. सूखने दो."