मंडळाची विरोधी आत्या

माझ्या आत्याचं इस्त्रीचं दुकान आहे, आणि तिची जीभ त्या इस्त्रीहून जास्त तापलेली असते. म्हणून तर आमच्या शांतता मित्रमंडळाने तिला विरोधक म्हणून नेमलं. जगभरच्या शांतता संघटनांना आपल्या गावातून पाठिंबा मिळवायचा आणि त्यासाठी दारोदार जायचं, हे आमचं काम. पण आधी दर बुधवारी आत्यासमोर तालीम. तिला पटलं तर कुणालाही पटेल, असा हिशोब. इतक्या वर्षांत तिच्यापुढे कुणाचीच मात्रा चालली नव्हती.

"दोन देश भांडतायत, त्यात आपल्या गल्लीचं काय जातं?" शर्टाच्या बाहीवर पाणी शिंपडत ती विचारायची, आणि मंडळातले बेकरीवाले काका गार व्हायचे.

आतोबा गेल्यापासून घरात तिच्याशी वाद घालायला उरलं होतं कोण? ती बुधवारवर जगत होती. कबूल केलं नाही कधी, पण मंगळवारपासूनच तिला स्फुरण चढायचं.

मग मंडळात एक नर्सबाई आल्या. म्हणाल्या, "आत्या, भांडण आपण नाही थांबवू शकत. पण थांबलेलं पुन्हा पेटू नये म्हणून दोघांच्या मधे कुणाला तरी उभं राहावं लागतं ना? त्यांच्या पाठीशी राहायचं, एवढंच."

करपल्याचा वास आला तेव्हा कळलं, काकांच्या शर्टावर इस्त्री तशीच राहिली होती. "तुमच्या बडबडीने जळला!" ती खेकसली. पटलं म्हणाली असती तर पद गेलं असतं. मग ती कशाला बोलतेय!

पुढे नगरसभेत पाठिंब्याचा ठराव आला आणि अध्यक्षांनी नेमका तिचाच प्रश्न विचारला. नर्सबाई ड्युटीवर होत्या, आम्ही नुसते कागद चाळतोय. ठराव बारगळणार, एवढ्यात मागे बसलेल्या आत्याला राहवेना. ती उठली आणि नर्सबाईंचं उत्तर दुप्पट आवाजात ठणकावून दिलं. ठराव पास! आम्ही नाचत बाहेर पडलो. आत्या मात्र पडेल चेहऱ्याने घरी गेली. मला फार वाईट वाटलं.

बुधवारी गेलो, तर ती पाठ फिरवून कपड्यांच्या घड्या घालत होती. "आता कशाला आलात? मला पटलंय. दुसरी कुणी बघा."

"दुसरी कुठून आणू?" काका म्हणाले. "पलीकडच्या वस्तीत जायचंय. पटलेलं खुशाल पटू दे, तुम्ही भांडा."

"खोटं भांडू? मला नाही जमायचं." हातातली घडी ठेवून ती हळूच वळली. "पण एक खरीखुरी शंका आहे. जे दोघांच्या मधे उभे राहतात, त्यांच्या घरच्यांपाशी कोण उभं राहतं?"

काकांनी नर्सबाईंकडे पाहिलं, नर्सबाईंनी माझ्याकडे.

आत्याचा चेहरा पार खुलला. "बसा," ती म्हणाली, "बसा निवांत."