पैनगंगेच्या पलीकडची हाक

असल्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी सरळ विषय बदलायचो. उदगीरला शाळेत विज्ञान शिकवतो... त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडच वाटतंय.

माझी मोठी बहीण, अक्का, किनवटला असते. तिला पॅरालिसिसचा अटॅक आला. हातपाय हळूहळू सुधारले, पण वाचा गेली ती गेलीच. वर्ष उलटलं तरी एक शब्द नाही. दसऱ्यानंतर भेटायला गेलो, तेव्हा भाऊजी म्हणाले, "घरात कोंडल्यागत झालंय तिला. चला, जरा नदीवर जाऊ."

पैनगंगा अभयारण्यात गेलो. दोन्हीकडे सागाचे डोंगर, मधून नदी, पलीकडचा काठ यवतमाळ जिल्ह्याचा. भर दुपार, लख्ख ऊन. पात्रातल्या सपाट खडकावर आम्ही तिघं डबा उघडून बसलो. पाणी जेमतेम घोट्याएवढं.

घास हातात धरून अक्का एकदम पलीकडे बघायला लागली. आणि — अजून अंगावर काटा येतो — मोठ्यानं म्हणाली,

"हाव गं बाई, येऊन राहिले! वरडू नको!"

भाऊजींच्या हातातली भाकर पडली. "काय म्हनलीस? परत म्हन!"

"ती बाई बोलवून राहिली न्हाई का... वर चढा म्हनती. उठा की!"

पलीकडे कुणीच नव्हतं. नुसती झाडं. हाक मी ऐकली नव्हती, भाऊजींनीही नाही. पण अक्का काठी टेकत, पाणी ओलांडून पलीकडची दरड चढायला लागली होती, बोलत होती... आणि आम्ही दोघं रडत-हसत तिच्या मागे. डबा तिथंच राहिला.

वर पोचलो आणि घरघर ऐकू आली. गढूळ पाण्याचा लोंढा! बघता बघता आमचा खडक दिसेनासा झाला. वर कुठंतरी डोंगरात पाऊस झाला असणार, तेवढं मला कळतं.

"कोण होती गं ती?" मी विचारलं.

"मला काय ठावं? हिरवं लुगडं होतं. वळखीची न्हाई."

डॉक्टर म्हणाले, जबर धक्का बसला की कधीकधी वाचा परत येते. असेल. पण पाणी तर ती बोलल्यानंतर आलं... मग धक्का कसला?

अक्काचे शब्द मधेच अडकतात, पण परत नदीवर न्या म्हणून तिनं धोशा लावलाय. परवा भाऊजी फोनवर म्हणाले, "दिवसभर डोकं खाऊन राहिली बघा!"

आणि कितीतरी वेळ हसत राहिले.