प्लॅस्टिक न काढलेली खुर्ची

शालन गेली त्या दिवशी मी खुर्ची घ्यायला कराडच्या बाजारात गेलो होतो. घडीची, हलकी, हात असलेली. दुकानदार ती उघडून-मिटून दाखवत होता, तेव्हा दवाखान्यातून आमच्या मुलीचा, जयूचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "आबा, तुम्ही इकडे या." शालनची शुगर वाढली म्हणून तिला एक दिवस ठेवून घेतलं होतं, दुसऱ्या दिवशी सोडणार होते. जयूच्या आवाजावरून मला कळलं. दुकानदाराने विचारलं, बांधून देऊ का. मी हो म्हणालो. मग ती खुर्ची काखेत घेऊनच मी दवाखान्याचा जिना चढलो, कारण ती कुठे ठेवायची ते मला सुचलं नाही.

खुर्ची रविवारसाठी होती. घाट उतरून गेलं की समुद्राच्या काठाला उंचावर एक बाग आहे. शेजारच्या डुबलवहिनी महिला मंडळाबरोबर तिकडे जाऊन आल्या होत्या. बाकं थोडी आहेत, रविवारी मिळत नाहीत, लोक हिरवळीवर सतरंजी टाकून बसतात, असं त्या सांगत होत्या. शालनला गुडघ्यांमुळे खाली बसता येत नव्हतं. जावई गाडी आणणार होते. सकाळी निघायचं, रात्री परत यायचं.

दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवला नाही. जमलेले एकेक जण हात जोडून बोलले. माझा भाऊ म्हणाला, घराकडे मी बघतो. मी म्हणालो, जयूला काही कमी पडू देणार नाही. ऊन तापलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो. तिचं काय राहिलं होतं, ते कोडं मला तेव्हापासून सुटत नाही.

आज दुपारी जेवून बाहेरच्या खोलीत कॉटवर आडवा झालोय. खुर्ची भिंतीला टेकून उभी आहे, अजून प्लॅस्टिकमध्येच. पंखा फिरतोय. डोळा लागला की नाही ते कळत नाही, आणि खुर्ची उघडलेली आहे, तिच्यात शालन बसली आहे.

"हे काढा आधी," ती म्हणते. खुर्चीच्या हातावरचं प्लॅस्टिक नखाने उचकटतेय. "घाम येतो याने."

"तू कधी आलीस?"

"डब्यात काय न्यायचं ते ठरवायला नको? धपाटे करते. दही नको, गाडीत सांडतं. मागे भावोजींच्या गाडीत सांडलं, तर वर्षभर ऐकवत होते."

मी विचारायला तोंड उघडतो, पण आता आम्ही नगरपालिकेच्या पंपघरात आहोत, जिथे माझी सगळी नोकरी झाली. मोटर चालू आहे. तिचा आवाज नेहमीसारखा एकसारखा नाही, मोठा होतोय आणि मागे जातोय. फरशीवर वाळू आहे. शालन खुर्चीत बसून डबा उघडतेय.

"नदीवर कावळा शिवला नाही गं."

"कसा शिवेल? तुम्ही एवढी माणसं एकामागून एक बोलत होतात. बिचाऱ्याला उतरायला जागा कुठे होती."

"चेष्टा करू नकोस. मी जयूचं बोललो तिथे."

"जयू स्वतःचं बघते. तुमचंही तीच बघते."

"मग तुझं काय राहिलं होतं?"

ती धपाट्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवते. गरम आहे. पंपघराच्या दारातून मला दहाव्याची माणसं दिसतात, पाठमोरी बसलेली. त्यांच्यापुढे नदी नाही. हिरवळ आहे, आणि हिरवळ संपते तिथे समुद्र. कुणी वळून बघत नाही.

"हात द्या," शालन म्हणते. मी हात देतो. ती नेहमीसारखी गुडघ्यावर जोर देत उठते आणि आम्ही हिरवळीवरून चालतो. बाकं सगळी भरलेली आहेत. खुर्ची माझ्या काखेत आहे.

"तुम्ही दवाखान्यात खुर्ची घेऊन आलात," ती म्हणते.

"तुला काय माहीत?"

"जिन्यात आपटली की. मला वाटलं, आले हे."

"तेव्हा तू होतीस?"

ती समुद्राकडे बघते. "खुर्ची चांगली आहे," म्हणते. "इथे मांडा."

मी मांडतो. ती बसते. मी शेजारी गवतावर बसतो.

"डुबलवहिनींची बस उन्हातच निघाली," ती म्हणते. "त्यांना सूर्य बुडताना बघायला मिळाला नाही. मला शेवटपर्यंत बसायचं होतं. मग येऊन त्यांना सांगायचं होतं, आम्ही बघितला म्हणून."

"एवढंच?"

"एवढंच. तुम्हाला माहीत होतं की. तिथे बोलला का नाहीत?"

"चार माणसांत खुर्चीचं काय बोलायचं?"

"ती माणसं जेवून घरी गेली," शालन म्हणते. मग हळूच, "आता तुम्ही बसा हिच्यात. रिकामी नेऊ नका."

सूर्य पाण्याला टेकतोय. मी तिच्याकडे बघू की तिकडे बघू, मला ठरवता येत नाही.

"आबा, उठा. दिवेलागणीला झोपू नये."

जयू आहे. तिने दिवा लावलाय. खिडकीबाहेरचा उजेड गेला आहे. खुर्ची होती तशीच मिटलेली, भिंतीला टेकलेली आहे. पण तिच्या उजव्या हातावरचं प्लॅस्टिक निघालंय, आणि त्याची लांब पट्टी माझ्या मुठीत आहे. कॉटवरून माझा हात तिथवर पोचतो, हे मी बघून घेतलं.

"काढलंत वाटतं शेवटी," जयू म्हणाली.

"अर्धं," मी म्हणालो.

तिने चहा आणला. मी तो प्यालो. जावयांना रविवारी वेळ आहे का, एवढं विचारायचं माझ्या तोंडाशी आलं होतं. ते मी अजून विचारलेलं नाही.