कडेवर घ्यायचं नाही

निघताना सासूबाईंनी पुन्हा बजावलं, "माह्यारी चाललंय म्हनून सांग. दवाखान्याचं नाव काढू नको. उद्या त्याला पोरगी कोन देल?" पोराला अजून दाढासुद्धा आल्या नव्हत्या. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं ओठावर आलं होतं. पण नवरा मुंबईला, त्याला रजा नाही, आणि एसटी चुकली असती. पोराला उचलून निघाले.

आंघोळ घालताना त्याची उजवीकडची गोटी हाताला लागायची नाही. डॉक्टर म्हणाले, अंड जांघेत अडकलंय, आता आपणहून उतरायचं नाही. लहान आहे तोवर ऑपरेशन करून खाली बसवू, नाहीतर पुढे ते नीट वाढत नाही. सासूबाईंच्या मते मोठा झाला की उतरलं असतं. तेवढं मी ऐकलं नाही. कुणाला सांगायचं नाही, हे मात्र कबूल केलं.

आमच्याकडे कुणी अ‍ॅडमिट झालं की अख्खी आळी बिस्किटांचे पुडे घेऊन येते आणि पेशंटला झोपू देत नाही. या गर्दीला मी कायम नाक मुरडलं. अलिबागच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या सकाळी दुधासाठी रडणारं पोर नर्सनं माझ्या हातातून घेतलं, दार लागलं, आणि बाकड्यावर मी एकटी उरले. नवरा ड्युटीवर, फोन उचलेना. कुणीही यावं, नको ते विचारावं, पण शेजारी बसावं, असं वाटत होतं. फार एकटं वाटलं. रागही आला, पण कुणाचा ते ठरवता येईना.

ऑपरेशन नीट झालं. सोडताना डॉक्टरांनी एकच बजावलं, जखम भरेपर्यंत पाय फाकवून कडेवर घ्यायचं नाही. आमच्या आळीत पोरं जमिनीवर कमी आणि कुणा ना कुणाच्या कडेवरच जास्त असतात.

परतले तशा शेजारच्या काकू आपल्या ओटीवरून उतरल्या. "आला गो माझा राजा," म्हणत त्यांनी हात पुढे केले. पोरही झेपावलं. मी मागे सरले.

"काकू, कडेवर नको."

"का गो? माझा काय इटाळ झाला तुला?"

सासूबाई दारातून डोळे वटारत होत्या. मी बोलून टाकलं, "त्याचं अंड खाली उतरलं न्हवतं. ऑपरेशन करून आनलंय. टाके हायत."

सासूबाई आत निघून गेल्या. आता संध्याकाळपर्यंत गावभर होणार, हे मी धरूनच चालले होते. काकू मात्र परत आपल्या ओटीवर टेकल्या आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "मोठेपनी व्हतं का गो हे ऑपरेशन?"

"कुनाचं?"

त्यांनी मान वळवून आपल्या दाराकडे पाहिलं. आत त्यांचा तिशी उलटलेला मुलगा जेवत बसला होता. आलेलं प्रत्येक स्थळ तो का मोडतो, ते आळीत कुणालाच ठाऊक नव्हतं.