मांडीवरची साडी

दुष्काळाच्या आदल्या वर्षी, श्रीगोंद्याच्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. मांडीवरच्या नव्या हिरव्या साडीचे काठ ती बोटांनी सारखी चोळत होती.

"भावानं घेतली वाटतं?" मी कौतुकानं विचारलं.

"न्हाई, बाई. ज्यानं उसात माझी अब्रू घेतली, त्यानं दिली. पंच म्हनले, साडी-चोळी घे आन् गप बस. नेसली की मिटलं. म्हनून तशीच घिऊन फौजदाराकडं चाललेय."



संध्याकाळच्या परतीच्या गाडीत ती पुन्हा दिसली. अंगावर तीच साडी होती. चौकीत काय झालं, हे विचारायचं धाडस झालं नाही. तिनंच पदर सारखा केला.

"बरी दिसती का, बाई?"

काय म्हणायला हवं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.